दहा कळ्यांची सरस्वती

आमच्या घरात पाटीपूजनाविना दसरा गेला असं एकही वर्ष नाही. पाटी मात्र दर वेळी दुसऱ्या कुणाची तरी असायची. आधी माझ्या नवऱ्याची नि दिराची, मधली काही वर्षं नुसत्या पोथ्या आणि डेअरीची पुस्तकं, आणि आता माझ्या मुलाची. ती पाटी धुणं, वाळवणं, तिच्यावर सरस्वती काढणं, पुरणाचा नैवेद्य करणं, सगळं आत्यांच्या हातचं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्या सातारा भागात सासूला आत्या आणि सासऱ्यांना मामा म्हणतात. आत्या शाळेत कधी गेल्या नाहीत. तरी अंगणात वर्तमानपत्राचा कपटा उडत आला तर वाकून उचलायच्या, कपाळाला लावायच्या आणि कोनाड्यात ठेवायच्या. नातवाचा पाय वहीला लागला तर हातातलं खाणं खाली ठेवून त्याला नमस्कार करायला लावायच्या. "सरस्वती हाय ती," एवढंच म्हणायच्या.

१२ ऑक्टोबर २०२४ च्या दसऱ्याला पाटी आत्यांची होती. त्यांचं वय तेव्हा ६१.

याची सुरुवात दोन वर्षं आधी झाली. मामा गेले आणि सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायची वेळ आली. आम्ही सगळे सह्या करून बाजूला झालो. आत्यांचा अंगठा शाईच्या गादीवर दाबून कागदावर टेकवला गेला, तोही दोनदा, कारण पहिल्यांदा ठसा पुसट उठला. तिथे त्या काही बोलल्या नाहीत. घरी आल्यावर मात्र तीन दिवस अंगठा लिंबाच्या फोडीनं घासत होत्या. शाई पहिल्याच दिवशी गेली होती.

पुढे गावातल्या शाळेचे गुरुजी उल्लास योजनेची नावं लिहून घ्यायला घरोघरी फिरत आले. केंद्र सरकारचा हा नवभारत साक्षरता कार्यक्रम १५ वर्षांवरच्या, लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसांसाठी आहे. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यांना मानधन नाही. नंतर वाचन, लेखन आणि संख्याज्ञान अशी प्रत्येकी ५० गुणांची, मिळून १५० गुणांची चाचणी होते. स्वयंसेवक म्हणून मी माझंच नाव दिलं. आत्या चुलीपुढून उठून दारात आल्या आणि म्हणाल्या, "माझं बी नाव लिवा. पर सुरू करायचं दसऱ्यापास्नं. पूजा केल्याबिगर पाटी हातात कशी घ्यायची?"

तेव्हा श्रावण चालू होता. मला वाटलं, इतके दिवस कशाला घालवायचे? दोन महिन्यांत निम्मी बाराखडी झाली असती. पण आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं, ते दोन महिने वाया गेले नाहीत. त्या काळात आत्या मनानं तयार होत होत्या. मधे एकदा वाईच्या बाजारातून त्यांनी माझ्या नवऱ्याकडून पाटी आणवली. घरात जुनी होती, पण त्यांना स्वतःची नवी हवी होती आणि ती दगडाचीच हवी होती. हल्ली दुकानात पत्र्याच्या नि प्लॅस्टिकच्या पाट्या असतात. लाकडी चौकटीची दगडी पाटी दोन-तीन दुकानं पालथी घातल्यावर मिळाली. ती फडक्यात गुंडाळून कोनाड्यात गेली. नवरात्रात ३ ऑक्टोबरला घट बसले, तेव्हा त्या कोनाड्याखालीच काळ्या मातीत धान्य पेरलं. नऊ दिवस घटाला माळ घालताना आत्यांची नजर वर त्या फडक्याकडे जायची. हात लावला नाही.

अक्षरारंभाची पूजा घरी कशी करायची, हे मला माहीत नव्हतं. दरवर्षीचं पाटीपूजन वेगळं: पाटी-पुस्तकं मांडायची, हळदकुंकू-फुलं वाहायची, नैवेद्य दाखवायचा, झालं. अक्षरारंभ हा संस्कार आहे. परंपरेनं तो मुलाच्या पाचव्या वर्षी करतात. माझ्या मुलाचाही आम्ही केला नव्हता, तो थेट अंगणवाडीतच गेला. म्हणून वाईच्या गुरुजींना फोन केला. वाई म्हणजे कृष्णेचे घाट आणि वेदविद्या, प्राज्ञपाठशाळा तिथलीच. दसऱ्याला तिथल्या गुरुजींना मान वर करायला सवड नसते, तेव्हा ते येणार नाहीत हे ठाऊक होतं. मला फक्त क्रम विचारायचा होता.

पहिला प्रश्न मी वयाचा विचारला. एकसष्टाव्या वर्षी अक्षरारंभ चालतो का? गुरुजी म्हणाले, "संकल्पात वय कुठं सांगतात? नाव आणि गोत्र सांगतात. गोत्र ठाऊक नसलं तर काश्यप म्हणा." दुसरा प्रश्न आत्यांनीच मला आडून विचारायला लावला होता: मामा गेल्यापासून त्या पूजेला बसत नाहीत, कुणाला कुंकू लावत नाहीत, मग पाटावर बसायचं कुणी? माझ्या नवऱ्यानं बसावं आणि त्यांच्या वतीनं करावं का? गुरुजी क्षणभर थांबले आणि म्हणाले, "शिकायचंय कुणाला? मग तीच बसणार." मी ते शब्द तसेच्या तसे जाऊन आत्यांना सांगितले. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला, दुसरं काही म्हणाल्या नाहीत.

मुहूर्ताचं म्हणाल तर दसरा साडेतीन मुहूर्तांपैकी एक, वेगळा मुहूर्त काढायला नको. फक्त त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारापर्यंत नवमी होती, म्हणून दशमी लागल्यावर बसा असं गुरुजींनी सांगितलं. ते आमच्या पथ्यावरच पडलं. तोवर घट उठवणं, पुरण शिजवणं, अवजारं घासणं, सगळं उरकता आलं.

आता मांडणीबद्दल सांगते, कारण याबाबत मला दोन-तीन जणींनी नंतर विचारलं आणि पूजेच्या पुस्तकांत घरगुती गोष्टी सापडत नाहीत.

चौरंगावर पांढरं धुतलेलं वस्त्र घातलं. एरवी आम्ही लाल घालतो, पण सरस्वतीला पांढरं प्रिय. तिचं ध्यान म्हणतात त्यात ती कुंदफुलासारखी, चंद्रासारखी, हिमासारखी धवल असते आणि तिचं वस्त्रही शुभ्र असतं. वस्त्रावर तांदळाची रास, तिच्यावर कलश, कलशात पाणी, सुपारी, नाणं, वर आंब्याचा टाळ आणि नारळ. उजव्या अंगाला विड्याच्या पानावर गणपतीची सुपारी. मधोमध पाटी, ती पडू नये म्हणून मागे तांदळाचा डबा. पाटीपुढे पेन्सिली, मुलाची दोन पुस्तकं आणि आत्यांचा हरिपाठ. हा हरिपाठ मामांचा. आत्यांना तो पहिल्यापासून शेवटपर्यंत पाठ आहे. संध्याकाळी पुस्तक मांडीवर उघडून ठेवतात, पानंसुद्धा उलटतात, पण डोळे मिटून म्हणतात.

चौरंगाच्या डाव्या बाजूला दरवर्षीसारखी अवजारं होती. विळे, कोयता, टिकाव, औषध फवारायचा पंप. आत्यांनी त्यातलं आपलं खुरपं उचललं आणि पाटीच्या शेजारी आणून ठेवलं. मुठीचं लाकूड त्यांच्या तळव्याच्या आकाराचं झालेलं आहे. "ह्याला बी कळू दे," म्हणाल्या.

आणखी एक गोष्ट मी ठेवली, सावित्रीबाई फुल्यांची तसबीर. ती ठेवताना घरात थोडं बोलणं झालं. दीर म्हणाले, देवाच्या मांडणीत माणसाचा फोटो ठेवत नाहीत. मला त्यांचं म्हणणं अगदीच चूक वाटलं नाही, पण माझ्या मनातून तसबीर हलेना. सावित्रीबाई ३ जानेवारी १८३१ ला आमच्याच जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यातल्या नायगावला जन्मल्या. त्यांनाही अक्षर भेटलं ते लग्नानंतर, आणि मग १८४८ मध्ये पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उभी राहिली. बायकांच्या हातात पाटी देण्यासाठी अंगावर शेण झेललेली बाई माझ्या सासूच्या अक्षरारंभाला भिंतीकडे तोंड करून राहणार, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. वाद आत्यांनीच मिटवला. त्यांचं माहेर नायगावपासून फार लांब नाही. "नेवशांची लेक ती," त्या दिराला म्हणाल्या, "आमच्याकडली. पूजेला माहेरचं माणूस नको व्हय?" तसबीर चौरंगाच्या मागे भिंतीला टेकवली. हार दीरांनीच घातला.

मग सरस्वती काढायची वेळ आली.

ज्यांच्या घरी हे नाही त्यांच्यासाठी सांगते. दसऱ्याला पाटीवर सरस्वतीचं चित्र काढतात ते मूर्तीसारखं नसतं. वरच्या ओळीत मराठी एकाचे आकडे शेजारी शेजारी काढतात, खाली खाली ओळ लहान होत जाते, एकमेकांना रेघांनी जोडून एक त्रिकोणी आकृती तयार होते. घरोघरी तिच्यात थोडाफार फरक असतो. आमच्या घरची आत्यांनी मला लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला शिकवली होती. "वर चार कळ्या," त्यांनी सांगितलं होतं, "मग तीन, मग दोन, मग एकली. देठाला देठ जोडायचा." त्यांच्या तोंडी तो शब्द कळ्या असाच आहे, त्यांच्या सासूच्या तोंडीही तोच होता. मीही इतकी वर्षं कळ्याच म्हणत आले. शिकलेली असून मला त्यात वेगळं काही सांगावंसं वाटलं नाही, याचं आता नवल वाटतं.

त्या दिवशी आत्या स्वतःच्या पाटीवर कळ्या काढत होत्या. पाटी आदल्या दिवशी कोळशानं घासून, धुऊन उन्हात वाळवली होती, काळी कुळकुळीत झाली होती. त्यांचा हात रांगोळीचा, एकदा उचलला की थरथर नाही. माझा मुलगा शेजारी उकिडवा बसून बघत होता. तो चौथीत आहे. वरची ओळ पुरी झाल्यावर तो म्हणाला, "आज्जी, हे एक आहेत."

"काय हायत?"

"एक. एक, एक, एक, एक. आणि खाली तीन एक. सगळे मिळून दहा एक होणार."

आत्यांचा हात थांबला. त्यांनी पाटी थोडी लांब धरली. मग पहिल्या कळीवर बोट ठेवलं, दुसऱ्या, तिसऱ्या. मुलानं पळत जाऊन अंकलिपी आणली आणि एकाच्या घरावर बोट ठेवून दाखवलं. त्या पुस्तकातल्या आकड्याकडे आणि आपल्या पाटीकडे आळीपाळीनं बघत राहिल्या.

"म्हंजी मला एक लिव्हता येत हुता?"

मी "हो" म्हणाले.

"कवापास्नं?"

मला उत्तर देता येईना. लग्न होऊन त्या या घरात सोळाव्या वर्षी आल्या. पहिल्याच दसऱ्याला सासूनं हात धरून काढायला लावल्या असतील, तर पंचेचाळीस वर्षं. दर दसऱ्याला दहा. त्यांना पैशांच्या नोटा रंगावरून कळतात, एसटी कुठली ते लोकांना विचारून कळतं, गोळ्यांच्या पाकिटावर मी सकाळच्या गोळीला सूर्य आणि रात्रीच्या गोळीला चंद्र काढून देते. आणि त्यांच्या बोटांतून दर दसऱ्याला आकडा उतरत होता, घोटून घोटून घोटीव झालेला. कुणी सांगितलंच नाही. मीही नाही.

आत्यांनी उरलेल्या कळ्या फार सावकाश काढल्या. प्रत्येक काढून झाली की ओठ हलायचे. शेवटची एकली कळी काढली, सगळ्यांचे देठ जोडले आणि मुलाला म्हणाल्या, "आन् दोन कसा असतो रं?" तो दाखवायला निघाला, तर लगेच त्याचा हात धरला. "नगं. आज न्हाई. आधी पूजा."

साडेअकराला बसलो. आत्या पाटावर पूर्वेला तोंड करून, मी त्यांच्या उजव्या हाताला, गुरुजींनी सांगितलेलं लिहून घेतलेला कागद माझ्या हातात. समई लावली. आचमन झालं. संकल्पाला आत्यांनी ओंजळीत अक्षता आणि पाणी घेतलं. मी वाचत होते, त्या मागून म्हणत होत्या. माझी जीभ संस्कृतवर अडखळत होती; कागदावर मी घाईत लिहिलेलं मलाच नीट लागेना. आत्या मात्र ऐकलं की तसंच्या तसं म्हणत. 'विद्याप्राप्त्यर्थम्' हा शब्द मी दोनदा तोडला, त्यांनी एका दमात म्हटला. सारा हरिपाठ कानानं पाठ केलेलं माणूस ते. त्या दिवशी माझ्या लक्षात आलं की आमच्या दोघींत अडाणी कोण आणि शिकलेली कोण हे इतकं सरळ नाही. त्यांच्या डोक्यात साठवायची जी ताकद आहे ती माझ्यात कागदानं कधीच मोडून टाकली आहे.

आधी गणपती, मग कलश, मग सरस्वती. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य असे सोळा उपचार. पाटी-पुस्तकांच्या पूजेत अडचण येते ती स्नानाला. मूर्तीवर घालतात तसं पळीनं पाणी घातलं तर पाटीवरची देवी वाहून जाईल आणि पुस्तकं भिजतील. गुरुजींचं सांगणं होतं, सुपारीला स्नान घाला आणि पाटी-पुस्तकांवर फुलानं नुसता थेंब शिंपडा. आम्ही तसंच केलं, तरी माझ्या हातून फूल जास्त भिजलं आणि तिसऱ्या ओळीतल्या एका कळीचं डोकं ओघळलं. मला फार वाईट वाटलं. आत्यांनी पेन्सिल घेतली, ते डोकं परत वळवलं आणि पुढे चला म्हणून मान हलवली. गंध, हळद, कुंकू. हळद आमच्याच शेतातली. वाईची हळद सगळीकडे जाते, तशी ती त्या दिवशी पाटीवरही गेली. परसातली पांढरी तगर, झेंडू, आपट्याची पानं. मुलानं पुस्तकात जपून ठेवलेलं मोरपीस काढून पाटीच्या चौकटीत खोवलं. धूप, दीप, पुरणाचा नैवेद्य.

मग श्लोक: "सरस्वति नमस्तुभ्यं वरदे कामरूपिणि । विद्यारम्भं करिष्यामि सिद्धिर्भवतु मे सदा ॥" अर्थ मी आधी सांगितला होता. हे वर देणाऱ्या सरस्वती, तुला नमस्कार, मी विद्येला आरंभ करते आहे, मला सदा सिद्धी लाभो. हजारो मुलं हा श्लोक म्हणत आली आहेत, पण त्यांच्या वतीनं तो बहुतेक वेळा आईबापच म्हणतात; पाच वर्षांच्या मुलाला 'करिष्यामि' कळत नाही. आत्यांनी तो म्हटला तेव्हा 'करते' म्हणणारी बाई समोर होती. दुसऱ्यांदा म्हणताना त्यांनी माझ्या कागदाची वाट पाहिली नाही.

आता अक्षर. काशाच्या ताटात तांदूळ पसरले. पूर्वी गावातल्या पंतोजींच्या शाळेत फळ्यावर धूळ पसरून बोटानं अक्षरं गिरवायची, तीच धूळपाटी आणि तीच धुळाक्षरं. तांदळाचं ताट त्याच पद्धतीतलं. 'ॐ नमः सिद्धम्' हे तिथं पहिलं लिहायचं वाक्य, त्याचाच मराठीत 'ओनामा' झाला. आम्ही 'श्री' पासून सुरू केलं.

परंपरा अशी की बाप किंवा गुरू मुलाला मांडीवर घेतो आणि त्याचं बोट धरून लिहवतो. मी आत्यांचं बोट धरलं. बारा वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केला आम्ही, एका सरीत खुरपलं, आणि आत्यांचा हात मी असा कधी हातात घेतलेला नव्हता. तर्जनीचं टोक खरखरीत होतं, नखाशेजारी हळद भरलेली होती. 'श' ची गाठ वळवताना त्यांचं बोट रांगोळीच्या सवयीनं उलट्या बाजूनं निघालं. मी थांबवलं, परत पहिल्यापासून धरलं. वेलांटी आली तेव्हा त्यांनी माझ्याआधीच बोट वर नेलं. तो आकार त्यांना ओळखीचा होता, दारातल्या उंबऱ्यावर रोज काढतात तसा. तांदूळ बाजूला सरले आणि काशाच्या पिवळ्या तळात 'श्री' उमटली. थोडी वाकडी होती. आत्यांनी ती बराच वेळ बघितली. मग हातानं तांदूळ सपाट केले आणि म्हणाल्या, "आता तू सोड." दुसरी त्यांनी एकटीनं काढली. रकार तिरका गेला, पण 'श्री' ती 'श्री'.

यानंतर जे झालं त्याची तयारी माझ्याकडे नव्हती. गुरुजींनी सांगितलं होतं की शेवटी शिकणाऱ्यानं गुरूला नमस्कार करायचा. माझ्या कागदावर तसं लिहिलेलंही होतं, पण मी ते वाचून दाखवलं नाही. वाटलं, राहू दे. आत्यांनी मात्र फोनवरचं सगळं ऐकून पाठ केलेलं होतं. त्या पाटावरून उठल्या, माझ्याकडे वळल्या आणि वाकू लागल्या. मी पाय मागे ओढले. सासूनं सुनेच्या पाया पडायचं? मी त्यांचे दोन्ही हात धरून वर उठवलं आणि म्हटलं, "आत्या, असं नका करू, मला पाप लागेल." त्या म्हणाल्या, "मग पूजा अर्धी ऱ्हाती." आम्ही दोघी तशाच उभ्या. घरातले सगळे गप्प.

शेवटी आत्याच म्हणाल्या, "बस खाली." मी पाटावर बसले. त्या आतल्या खोलीत गेल्या, ट्रंक उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा हातात एक हिरवा खण होता, माझ्या लग्नाच्याही आधीचा असावा, घडीवर पिवळा पडलेला. चौरंगावरचे तांदूळ घेतले, नारळ घेतला. करंड्यापाशी हात गेला आणि थबकला. मामा गेल्यापासून त्यांनी कुणाची ओटी भरली नव्हती, कुणी त्यांना भरू दिली नव्हती. शेजारच्या काकू दारात उभ्या होत्या, त्यांच्याकडे आत्यांनी एकदा बघितलं. मी कपाळ पुढे केलं आणि पदर पसरला. आत्यांनी मला कुंकू लावलं आणि ओटी भरली. "गुरूची ओटी," म्हणाल्या. मला रडू आलं, ते मी लपवलं नाही. काकू आत आल्या आणि आरतीला उभ्या राहिल्या.

त्या दिवशी पुस्तक वाचायचं नाही, पाटीवर लिहायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज आहे. देवी पाटीवर बसलेली असते. मुलांना या सुट्टीचा आनंद असतो; लहानपणी मलाही असायचा. आत्यांना ती रात्र जड गेली. संध्याकाळी मंडळी सोनं वाटायला आली, आम्ही वाटायला गेलो, घटातलं धान कानावर खोवून मुलगा गावभर फिरला. आत्या प्रत्येकाला सोनं देत होत्या आणि मधूनच चौरंगाकडे जाऊन समईत तेल घालत होत्या. रात्री निजताना मला विचारलं, "सकाळी किती वाजता पुसायची?"

सकाळी उत्तरपूजा केली. अक्षता वाहून 'पुनरागमनाय च' म्हटलं. आता पाटी पुसायची. ओलं फडकं आत्यांच्या हातात दिलं, तर त्या नुसत्या धरून बसल्या. दरवर्षी नातवाची पाटी त्यांनीच पुसलेली, तेव्हा हात अडला नव्हता. मी म्हटलं, "नाही पुसली तर लिहिणार कुठं?" मग त्यांनी फडकं बाजूला ठेवलं, पाटीवरचं कालचं तगरीचं फूल पाण्यात बुडवलं आणि त्यानं एकेक कळी पुसली. वरची चार, मग तीन, मग दोन. शेवटची एकली राहू दिली. तिच्या शेजारी पेन्सिल टेकवली आणि नातवाला हाक मारली, "ये रं, दोन दाखव आता."

पेन्सिल पहिल्या दिवशी दोनदा मोडली. रांगोळी चिमटीतून सोडायची असते, पेन्सिल दाबायची. त्यांना दाबाचा अंदाज येत नव्हता. आठवड्याभरात तो आला. आकडे भराभर आले, अक्षरांना वेळ लागला. 'ण' आणि 'ळ' त्यांना आवडायचे, त्यात वळणं आहेत म्हणून. 'ख' नको वाटायचा. संध्याकाळी हरिपाठ डोळे उघडे ठेवून म्हणायला लागल्या. बोट ओळीवर ठेवून, तोंड पुढे पळायचं आणि बोट मागे राहायचं, मग थांबून तोंडाला मागे आणायच्या.

दिवाळीच्या आधी आम्ही हळदीत खुरपायला होतो. मी दुपारच्या भाकरी घेऊन मागून गेले. पाऊस होऊन गेला होता, बांध ओला होता. आत्या सरीच्या टोकाला बसल्या होत्या. मी नेहमीच्या वाटेनं बांधावरून निघाले, तर त्यांनी लांबूनच खुरपं हातात उंच धरून मला थांबवलं.

"तिकडनं नगं येऊ. खालनं ये. हितं पाय पडंल."

मी खाली बघितलं. ओल्या मातीत, खुरप्याच्या टोकानं, वर चार एक होते, त्यांच्याखाली त्यांचं स्वतःचं नाव होतं, एक काना सुटलेला. मी चपला काढल्या आणि सरीतून वळसा घालून गेले.